पोस्टाच्या निळ्या डब्यात टाकलेला चेक चोरांनी धुऊन वटवला, सरकार नक्की काय करतंय?

शेवंती
नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणाऱ्यांना विचारतेय. गेल्या महिन्यात लेकीच्या नृत्याच्या क्लासची फी म्हणून २८५ डॉलरचा चेक लिहिला आणि रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या निळ्या डब्यात टाकला. बारा दिवसांनी क्लासच्या बाईंचा मेसेज, चेक आला नाही. बँकेचं ॲप उघडलं तर चेक वटलेला, रक्कम ७,४८५ डॉलर, आणि नाव अशा माणसाचं जे मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

चेकचा फोटो मोठा करून बघितला. खालची ओळ माझीच, सही माझी, मेमोमध्ये (चेक कशासाठी ते लिहायची ओळ) लेकीचं नाव माझ्याच अक्षरात. वरचं सगळं मात्र दुसऱ्याच्या हातचं. नावाच्या ओळीवर माझ्या मूळ अक्षराची एक फिकट शेपटी तेवढी राहिली होती. ते बघून पोटात गोळाच आला. पैशापेक्षा जास्त हे लागलं की कुणीतरी माझं पाकीट उघडून, वाचून, माझ्या मुलीच्या नावावर चिकटपट्टी लावून बाकीचं धुतलंय.

बँकेत क्लेम केला, टपाल खात्याच्या तपास विभागाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, लोकल पोलिसांचा रिपोर्टही झाला. बँकेतल्या बाई म्हणाल्या, हे भुरट्या चोराचं काम नाही, टोळ्या आहेत. मग प्रश्न असा, की टोळ्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे तर सरकार त्यांच्यावर काय करतंय? आणि चेक पाठवणं बंदच करायचं का?

घाटमाथा
बंदच करा ताई. मी शेवटचा चेक कधी लिहिला तेही आठवत नाही.

रानजाई
घाटमाथा, तुमचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमतं असं नाही हो. आमचा घरमालक पंच्याहत्तरीचा आहे, त्याला चेकच लागतो. मुलांची शाळा, देवळाची देणगी, नळ दुरुस्त करणारा, सगळे चेक मागतात. आणि सासूबाईंचे औषधांचे कागद, नवीन डेबिट कार्ड, टॅक्सची पत्रं ही तर पोस्टानेच येणार ना, ती कुठे बंद करणार? चोरी फक्त चेकची होत नाही.

शेवंती, वाईट वाटलं वाचून. पैसे परत मिळतील, धीर धरा.

हिशेबनीस
मी छोट्या धंद्यांचे हिशेब बघतो त्यामुळे असल्या केसेस वर्षाला चार-पाच तरी समोर येतात. थोडं सविस्तर लिहितो.

शेवंतीताई, बँकेतल्या बाई बरोबर बोलल्या. या कामात वाटण्या झालेल्या असतात. डबा उघडणारा वेगळा, पाकिटं चाळून चेक वेगळे करणारा वेगळा, ॲसिटोनसारख्या रसायनात शाई धुणारा वेगळा, आणि स्वतःचं बँक खातं वापरायला देणारी तर चौथीच मंडळी, बऱ्याचदा कॉलेजची पोरं, ज्यांना वाटतं की पाचशे डॉलर मिळतायत तर काय बिघडलं. धुतलेले आणि कोरे चेक टेलिग्रामच्या चॅनेलवर भाजीसारखे मांडून विकतात. तुमच्या चेकवर ज्याचं नाव होतं तो त्या साखळीतला सगळ्यात शेवटचा माणूस, डबा उघडणाऱ्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नसेल.

अर्थखात्याचा फिनसेन म्हणून विभाग आहे, त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या बँकांना इशारा काढला. चेकच्या फसवणुकीचे संशयास्पद व्यवहार बँकांनी २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त कळवले होते, २०२२ मध्ये ते ६ लाख ८० हजारांवर गेले. म्हणजे एका वर्षात जवळपास दुप्पट. इशाऱ्यानंतरच्या सहा महिन्यांत टपालचोरीशी जोडलेले १५,४१७ अहवाल आले आणि त्यातली रक्कम ६८.८ कोटी डॉलर. त्यातले ४४ टक्के चेक ताईंच्या चेकसारखे, खाडाखोड करून भरलेले. २६ टक्के प्रकारांत तर चेक नुसता नमुना म्हणून वापरला, म्हणजे खाते नंबर घेऊन नवीनच छापले. म्हणून ताई, ते खातं बंद करून नवीन नंबर घ्या, नुसता तो एक चेक थांबवून भागत नाही.

आणि पैसे परत यायला वेळ का लागतो तर नाव किंवा रक्कम बदललेला चेक असला की तुमची बँक सहसा, ज्या बँकेत तो भरला गेला तिच्याकडे पैसे मागते. दोन बँकांचं आपसांत ठरेपर्यंत तुम्ही अधांतरी. त्यामुळे स्टेटमेंट दर महिन्याला बघायचंच, ३० दिवसांच्या आत कळवलं तर तुमची बाजू भक्कम राहते.

एकटाजीव
माझ्या मुलाला सांगितलं की चोर चेक धुतात तर तो म्हणाला, इस्त्री पण करतात का 😀

टपालवाला
मी गेली अकरा वर्षं लेटर कॅरियर आहे, म्हणजे पोस्टमनच. शेवंतीताई, तुमचा चेक हरवला याचं आम्हालाही वाईट वाटतं हो, खरंच. पण कुलूप कसं आहे ते कळल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे एक चावी असते, तिला ॲरो की म्हणतात, कारण तिच्यावर बाणाचं चिन्ह असतं आणि एक नंबर. सकाळी जाळीच्या खिडकीत सही करून घ्यायची, साखळीने कमरेला लावायची, संध्याकाळी सही करून परत द्यायची. ही चावी एका डब्याची नाही. त्या भागातले निळे डबे, अपार्टमेंटच्या लॉबीतली पेट्यांची अख्खी भिंत, कॉलनीच्या तोंडाशी असलेले सामायिक मेलबॉक्स, सगळे तिनेच उघडतात. तुमच्या खणाची चावी तुमच्याकडे असते पण आम्ही ती अख्खी फळी एकदम उघडतो आणि वीस घरांची टपालं समोर येतात. चोराच्या हाती ती एक चावी पडली की त्याला एकेक खण फोडायची गरजच नाही.

म्हणून आता चोर डब्यापेक्षा आमच्या मागे लागलेत. टपाल खात्याचेच आकडे आहेत, आर्थिक वर्ष २०२२ मध्ये ४१२ कॅरियरना ड्युटीवर लुटलं आणि २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ३०५. बहुतेकांकडे मागितलं काय, तर पैसे नाही, चावी. आमच्याच ऑफिसातल्या एका बाईला भर दुपारी पिस्तूल दाखवलं. ती परत कामावर आली पण त्या रस्त्यावर नाही. तिचा रूट मी आठ महिने केला. त्या दारापाशी पोचलो की माझाही हात आपोआप साखळीवर जायचा.

घाटमाथा
टपालवाला दादा, हे माहीतच नव्हतं. मग कुलूपच का बदलत नाहीत? एका चावीने सगळं उघडतं हेच मूळ दुखणं आहे की.

टपालवाला
बदलतायत, पण हळू. मे २०२३ मध्ये टपाल खातं आणि पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसने, म्हणजे खात्याच्या तपास विभागाने, मिळून प्रोजेक्ट सेफ डिलिव्हरी नावाची मोहीम जाहीर केली. त्यात १२ हजार जास्त मजबूत निळे डबे बसवायचे होते आणि ४९ हजार जुनी ॲरो कुलपं काढून इलेक्ट्रॉनिक कुलपं लावायची होती. इलेक्ट्रॉनिकमध्ये नुसती चावी हिसकावून उपयोग नाही. हेच पाहिजे आम्हाला. चावीला किंमत उरली नाही तर कॅरियरला कोण कशाला अडवेल?

पण देशभरातली जुनी कुलपं मोजली तर ४९ हजार म्हणजे सुरुवातच म्हणायची. संसदेत आमच्या संरक्षणाचं एक विधेयक आलं, त्यात कुलपं बदलायला पाच वर्षांत ७०० कोटी डॉलर मागितलेत. यावरून काम केवढं मोठं आहे त्याचा अंदाज करा.

जुनाखाकी
घाटमाथा, चाव्यांचं आणखी एक. खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२० मध्ये अहवाल दिला होता की वापरात एकूण ॲरो चाव्या किती आहेत हाच आकडा उपलब्ध नाही, आणि हरवलेल्या, चोरीला गेलेल्या चाव्या नीट कळवल्या जात नाहीत. ज्या चावीचा हिशेब नाही तिची चोरी झाली हे कळणार कसं? माझ्या मते सरकारने पहिलं काम तिथे करायला हवं होतं, टोळ्यांच्या मागे धावणं नंतर.

थोडं अवांतर, पण टपालाच्या टोळ्या नवीन नाहीत. १९२१ मध्ये टपालगाड्यांवर इतके दरोडे पडायला लागले की राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या काळात सुमारे २,३०० मरीन सैनिक पहाऱ्याला लावले. दरोडे थांबले, सैनिक परत गेले, दरोडे पुन्हा सुरू, मग १९२६ मध्ये पुन्हा सैनिक. आणि मधे १९२४ च्या जूनमध्ये इलिनॉयमधल्या रॉनडाउटला टपालगाडी अडवून २० लाख डॉलरच्या वर लुटलं, तर आतून खबर देणारा कोण निघाला? शिकागोचा एक पोस्टल इन्स्पेक्टर! चोरांना पकडण्यात नाव कमावलेला माणूस.

मोगरा
बापरे! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

जुनाखाकी
तेच. आणि आजही काही खटल्यांत चावी लुटलेली नसते, विकलेली असते. टोळ्या कर्मचाऱ्यांना गाठतात, एका चावीला हजारो डॉलर देतात. टपालवाला, तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांना हे वाचून लागेल, मला कल्पना आहे, पण म्हणूनच चावीचा हिशेब पाहिजे, तो तुमच्याच रक्षणासाठी.

टपालवाला
लागत नाही काका, उलट बरोबर आहे. एकाने विकली की संशय आम्हा सगळ्यांवर. रोज संध्याकाळी चावी काटेकोरपणे मोजून घेतली तर मला आनंदच आहे.

वाटसरू
माझं मत वेगळं आहे. कुलपं बिलपं ठीक, पण धाक पाहिजे. टपालचोरीला पाच वर्षं, टपालाची चावी चोरली किंवा बनवली तर दहा वर्षं, कॅरियरला लुटून त्याचा जीव धोक्यात घातला तर पंचवीस वर्षांपर्यंत कैद असं कायद्यात आहे. मग वापरा की तो. शिवाय टपाल खात्याकडे स्वतःचे गणवेशातले पोस्टल पोलीस आहेत, पण २०२० मध्ये खात्याने आदेश काढून त्यांना पोस्टाच्या इमारती आणि आवारापुरतं बांधून टाकलं. आधी ते रस्त्यावरही गस्त घालायचे. म्हणजे ज्या वर्षांत कॅरियर लुटले जायला लागले त्याच वर्षांत पोलीस आवाराच्या आत! त्यांची युनियन भांडतेय, त्यांना बाहेर काढण्यासाठी संसदेत विधेयकंही आली. मला तर हे अजिबात पटलेलं नाही.

मोगरा
वाटसरू, पोस्टल पोलिसांचं पटतं, त्यांना बाहेर काढायलाच हवं. पण पंचवीस वर्षांच्या शिक्षेने धाक बसतो का याची मला शंका आहे. ती कुणाला होते? चावी हिसकावणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला. चेक विकणारा चॅनेल चालवणारा घरात बसलेला असतो, तो दुसरं पोर शोधतो. आणि दोन-चार शे पोस्टल पोलीस एवढ्या देशात कुठेकुठे पुरणार. जुनाखाकी काकांनी सांगितलं ना, सैनिक उभे होते तोवर दरोडे थांबले, गेले की सुरू.

वाटसरू
धाक नाही म्हणून पोरं सहज मिळतात, असंही म्हणता येईल की. पहिल्या पोराला शिक्षा झालेली दुसऱ्याला दिसली पाहिजे. आणि बक्षीसही लावलंय ना, कॅरियरला लुटणाऱ्याची माहिती देणाऱ्याला दीड लाख डॉलरपर्यंत. आधी ५० हजार होतं. या टोळ्या पैशासाठी एकत्र येतात, पैशासाठीच फुटतील.

मोगरा
बक्षिसाचं मान्य. तिथे तुमच्याशी सहमत.

एकटाजीव
आमच्या इथे आधी वेगळाच प्रकार होता. उंदीर पकडायचा चिकट गोंद बाटलीला लावायचा, बाटली दोरीला बांधायची आणि डब्याच्या तोंडातून आत सोडायची. गळ टाकून मासे धरतात तशी पाकिटं वर! मी स्वतः एकदा पत्र टाकायला गेलो तर झाकणाला हात चिकटला आणि आत बघतो तर दोरी लोंबतेय. न्यूयॉर्कमध्ये यावर उपाय म्हणून डब्यांना झाकणाऐवजी बारीक फट ठेवली, पाकीट जाईल पण बाटली जाणार नाही इतकी. साधा उपाय आणि चालला.

घाटमाथा
आणि मग गळ चालेना म्हणून चोर चावीच्या मागे लागले.

एकटाजीव
हो ना. ते मात्र खरं.

रानजाई
कोणी सरकारी चेकचं वाचलं का? मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की ३० सप्टेंबर २०२५ नंतर केंद्र सरकारने कागदी चेक द्यायचे बंद करायचे. टॅक्सचा रिफंड, सोशल सिक्युरिटी, सगळं थेट खात्यात. त्या आदेशातच लिहिलंय की सरकारी चेक हरवणं, चोरीला जाणं, खाडाखोड होणं याची शक्यता खात्यात थेट भरलेल्या पैशापेक्षा १६ पट जास्त. सासूबाईंच्या ओळखीतल्या एक आजी आहेत, त्यांचं खातंच नाही कुठे, महिन्याचा चेक हातात घेऊन दुकानात जाऊन मोडायच्या. आदेशात अशा लोकांसाठी सवलत ठेवलीय, पण आजींना अर्ज कोण करून देणार? शेवटी मी आणि सासूबाई त्यांना घेऊन बसलो, अर्धा दिवस गेला.

हिशेबनीस
रानजाई, फार चांगलं केलंत. माझं या आदेशाबद्दल मत सांगतो. चोराला चेकच मिळाला नाही तर तो धुणार काय, त्यामुळे हा उपाय मुळावर जातो. पण सरकारने स्वतःचे चेक बंद केले तरी तुमच्या-आमच्या चेकची पाकिटं त्याच डब्यात, त्याच कुलपाखाली राहिली.

सोनकी
भारतातून वाचतेय. तुमच्याकडे चेकवर दोन रेघा मारून अकाउंट पेयी करत नाहीत का? आणि आमच्याकडे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आणलं, ५० हजार रुपये आणि त्यावरचा चेक दिला की नाव, तारीख, रक्कम आधी बँकेला कळवता येते. जुळलं नाही तर चेक अडतो.

हिशेबनीस
सोनकी, रेघांना इथे काही अर्थ नाही, इथल्या बँका त्या ओळखतच नाहीत. पॉझिटिव्ह पे आहे, पण सहसा धंद्याच्या खात्यांना, आणि त्याला बऱ्याचदा वेगळी फी. साध्या खातेदाराला हे फुकट दिलं असतं तर शेवंतीताईंचा चेक पहिल्याच दिवशी अडला असता. सरकारला काही सक्ती करायची असेल तर बँकांवर ही करावी असं मला मनापासून वाटतं.

सोनकी
म्हणजे सोय आहे पण आपल्यासाठी नाही. कठीण आहे.

मोगरा
कामाच्या दोन गोष्टी. इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सगळ्यांनी चालू करा, फुकट आहे. आज कोणतं पत्र येणार त्याचे काळेपांढरे फोटो सकाळी ईमेलवर येतात. बाबांचं नवीन कार्ड फोटोत दिसलं आणि पेटीत नव्हतं, त्याच तासाला फोन करून कार्ड बंद केलं. आपण चालू केलं नाही तर आपल्या पत्त्यावर दुसरंच कुणी चालू करू शकतं, असेही प्रकार झालेत. आणि गावाला जाताना टपाल अडवून ठेवायला सांगा, ३ ते ३० दिवस पोस्टात ठेवतात.

टपालवाला
मोगराताईंशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडून भर एवढीच. डब्यावर शेवटच्या उचलीची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेनंतर टाकू नका आणि रविवारी तर नकोच, कारण ते पाकीट रात्रभर तिथेच पडून राहतं आणि चोर रात्रीच येतात. चेक असेल तर पोस्टात आत जाऊन टाका. जेल पेनने लिहा, पिगमेंट शाईचं, ती कागदात मुरते, सहज धुतली जात नाही. आणि घराच्या पेटीचा लाल झेंडा (पत्र न्यायचंय अशी पोस्टमनला खूण) वर करून चेक ठेवणं म्हणजे चोराला हाक मारणं.

शेवंती
रविवारीच टाकला होता मी :( डब्यावरची वेळ कधी वाचलीच नाही.

टपालवाला
ताई, तुमची चूक नाही. पत्र टाकायला डबा ठेवलाय, तुम्ही पत्र टाकलंत.

शेवंती
मंडळी, दोन महिन्यांनी येतेय. पैसे परत आले! पूर्ण ७,४८५. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे खातं बदललं, आणि तक्रारीचा नंबर आणि चेकचा फोटो घेऊन दर आठवड्याला बँकेत जाऊन बसले. क्लासची फी मी तेव्हाच रोख दिली होती.

तपास विभागाकडून एक पत्र आलं, की तुमची तक्रार त्याच भागातल्या इतर तक्रारींशी जोडली आहे. त्याच आठवड्यात आणखी कुणाकुणाची पाकिटं गेली म्हणजे. मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं तर तिघी पुढे आल्या ज्यांनी कुठेच कळवलं नव्हतं, एकीचा चेक तर ९० डॉलरचा, ती म्हणाली एवढ्याशासाठी कुठे. तिघींकडून बसून तक्रारी भरून घेतल्या. टपालवाला दादा, यातून खरंच काही होतं का?

टपालवाला
होतं ताई. एका डब्यावर चार तक्रारी पडल्या तर तो डबा नकाशावर ठळक होतो. एकच पडली तर बाकीच्यांत हरवते. नवीन कुलपं कुठे आधी लावायची हेही वरचे त्यावरूनच बघतात.

शेवंती
मग ऐका. कालच त्या कोपऱ्यावरून गेले. जुना डबा काढलाय. सिमेंटवर चार बोल्टच्या खुणा आहेत आणि शेजारी नवीन डबा, बारीक फटीचा. कुलूप कसलं आहे ते मला बाहेरून कळलं नाही. चेक घेऊनच निघाले होते, लेकीच्या पुढच्या सत्राच्या फीचा, पण टाकला नाही. पोस्टात आत जाऊन काउंटरवर दिला.

रानजाई
छान केलंत. आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा की कुलूप कोणतं बसवलंय.

शेवंती
विचारते सोमवारी. कळवते इथे.